मोठ्यांचं रक्त

केमुएल रक्त द्यायला गेला आणि त्यांनी त्याला परत पाठवलं.

पाठवलं अगदी गोडीनं. टेबलामागच्या मुलीनं आधी गार पाणी दिलं, बिस्किटांचा पुडा पुढे सरकवला, त्याचे दंड बघून "अशा शिरा रोज कुठे बघायला मिळतात," असंही म्हणाली. मग तिनं विचारलं की अलीकडे पापुआच्या किनाऱ्यावर जाणं झालं होतं का. झालं होतं. त्याच्या आजीचं माहेर तिकडचं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापलीकडच्या मासिग ह्या त्याच्या बेटावरून भल्या सकाळी होडी काढली की दुपारच्या जेवणाला मावशीच्या दारात बसता येतं, आणि त्याच्या बायकोचं, दमारिसचं, पोट नुकतं दिसायला लागलं होतं तेव्हा तो तसा बसलाही होता.

"मग काही महिने थांबावं लागेल," मुलगी म्हणाली. "तिकडे मलेरिया आहे ना. तुमच्या रक्तातलं पिवळं पाणी घेता येईल, त्याची औषधं होतात. प्लेटलेट नाही घेता येणार."

"मला मलेरिया झालेला नाही."

"असेल. पण नियम आहे तसा."

"माझ्या मुलीसाठी हव्यात. दोन आठवड्यांचीही नाही ती अजून. इथंच आहे, दवाखान्यात."

टेबलामागच्या मुलीचा चेहरा उतरला. तिनं पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात सांगितलं की बापाचं रक्त काढून त्याच्याच बाळाला द्यायचं, असं इथं करतच नाहीत. सगळ्यांचं सगळं एका जागी जातं आणि तिथून ज्याला लागेल त्याला मिळतं. "तुमच्या बाळाला लागलं तर मिळेल हो. त्याची काळजी करू नका," ती म्हणाली.

केमुएल उठला. पाणबुड्या माणूस तो. श्वास रोखून प्रवाळाच्या कपारीत शिरायचं आणि शेवंडी काढायच्या, हे काम तो मिसरूड फुटायच्या आधीपासून करत आला होता. धडधाकट शरीर हीच त्याची सगळी कमाई. आयुष्यात पहिल्यांदा त्या शरीरातलं काही कुणाला द्यावंसं वाटलं होतं, आणि ते हातातल्या पिशवीसारखं जिथल्या तिथं परत मिळालं होतं.

बसनं तो गावाबाहेरच्या दवाखान्यात परत आला. टाउन्सव्हिलच्या बसला खिडक्या असतात, पण त्या उघडत नाहीत.

नवजात बाळांच्या विभागात शिरण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे असत. ते धुऊन तो आत गेला. काचेच्या पेट्यांच्या रांगेत शेवटच्या पेटीशी दमारिस बसली होती, दोन्ही हात पेटीच्या गोल भोकांमधून आत घातलेले. एक तळवा बाळाच्या डोक्यावर, एक पायांवर. नर्सनं तसं शिकवलं होतं. कुरवाळायचं नाही, नुसता हात ठेवायचा. पाच महिने बेटावर सुखात काढलेली ही बाई, सहावा महिना सरतो न सरतो तोच कळा सुरू झाल्या आणि तिला आधी एका विमानात, मग दुसऱ्या विमानात घालून इथं आणलं. मुलगी झाली ती एखाद्या मोठ्या शेवंडीपेक्षाही हलकी. तिचं नाव केझिया. पण पेटीवरच्या चिठ्ठीवर अजून 'दमारिसचं बाळ' एवढंच होतं.

"घेतलं का रे?" दमारिसनं मान न वळवता विचारलं.

"नाही."

"का?"

"पापुआला गेलो होतो म्हणून."

दमारिसच्या खांद्यांना हसल्यासारखा हलकासा हिसका बसला. "मावशीच्या हातची साबूच्या पिठाची भाकरी खायची होती ना तुला? खाल्लीस, आता बस."

"आज किती आहे?"

"बस आधी."

"किती?"

"एकतीस."

एकतीस म्हणजे एकतीस हजार. आकडा प्लेटलेटचा होता, आणि गेल्या आठवड्यात बाळाच्या रक्तात जंतू शिरल्यापासून तो रोज घसरत होता. त्याच्या चुलतभावाला डेंग्यू झाला होता तेव्हा बेटावरच्या आरोग्यकेंद्रात ह्याच आकड्यासाठी किती धावपळ झाली होती, ते केमुएलनं डोळ्यांनी पाहिलं होतं. विमान मागवलं होतं.

"मग कधी देणार आहेत?"

बाळाच्या नळीला कुठे तरी बुडबुडा आल्याची टिकटिक झाली. कॉलीन नावाची नर्स आली, एक बटण दाबून गेली.

"दमारिस, मी काही तरी विचारतोय."

"देणार नाहीयेत," ती म्हणाली. "डॉक्टरशी बोल. माझ्याशी नको, माझे हात आत आहेत."

डॉक्टर वेल्श ही पन्नाशीची, बारीक चणीची बाई होती. तिच्या बुटांचा चुकचुक आवाज दोन दालनं आधी ऐकू येई. तिनं त्याला कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत नेलं. तिथं एक सोफा होता, कागदी रुमालांचा डबा होता आणि खिडकी नव्हती. त्या खोलीत आपल्याला का आणलं, ह्यानंच केमुएलचं अर्धं अवसान गेलं.

"तुमच्या जागी मी असते तर मलाही हाच प्रश्न पडला असता," ती म्हणाली. "मोठ्या माणसाचा आकडा इतका पडला तर आपण घाबरतो. पण ती मोठं माणूस नाही. तिच्या प्लेटलेट तुमच्या-माझ्यासारख्या नसतात. मंद असतात. तुम्हाला कुठे खरचटलं की तुमच्या प्लेटलेट धावत सुटतात, एकमेकींना बोलावतात, चिकटतात. बाळाच्या तशा नाहीत. त्यांना उठायलाच वेळ लागतो."

"म्हणजे आधीच कमी, त्यात कामचुकार. मग तर जास्तच द्यायला हव्यात."

"सगळ्यांना असंच वाटतं. मीही कितीतरी वर्षं तेच मानून देत होते. आकडा पन्नासखाली गेला की द्यायच्या." तिनं गुडघ्यावर हात ठेवले. "पण बाळाचं रक्त म्हणजे नुसत्या प्लेटलेट नाहीत. त्यात तांबड्या पेशी जास्त असतात, चिकटवणारी द्रव्यं जास्त असतात. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाचं रक्त तुमच्यापेक्षा लवकर थांबतं, प्लेटलेट मंद असूनसुद्धा. त्यांचं त्यांचं सगळं जमवलेलं असतं. आता त्यात मी पिशवीतल्या प्लेटलेट सोडल्या तर त्या मोठ्या माणसाच्या असणार. दुसऱ्या मिळतच नाहीत, बाळं काही रक्त द्यायला येत नाहीत. मोठ्यांच्या त्या चपळ प्लेटलेट ह्या दाट रक्तात गेल्या की काय करतील ह्याचा भरवसा नाही. गुठळ्या, सूज, काहीही."

"काहीही म्हणजे?"

"मोठा अभ्यास झालाय ह्यावर, तुमच्या मुलीएवढ्याच बाळांचा. काहींना लवकर दिल्या, काहींना आकडा पंचवीसच्या खाली जाईपर्यंत दिल्या नाहीत. ज्यांना लवकर दिल्या त्यांतली जास्त दगावली. रक्तस्रावही त्यांनाच जास्त झाला."

केमुएलनं हे दोनदा मनात फिरवून बघितलं. रक्त थांबवायला दिलेल्या गोष्टीनं रक्त जास्त वाहिलं. त्याला ते पटेना.

"का पण?"

"पुरतं कुणालाच कळलेलं नाही. मी सांगितलं तो आमचा अंदाज."

"म्हणजे तुम्ही थांबणार."

"थांबू या. रोज बघू या."

तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण नेमके हेच शब्द होते. केमुएलचा बाप छातीत दुखतं म्हणून दोनदा दवाखान्यात गेला होता, आणि दोन्ही वेळा गोळ्या देऊन त्याला घरी पाठवताना कुणीतरी असंच म्हणालं होतं. तिसऱ्यांदा विमान आलं तेव्हा न्यायला काही उरलं नव्हतं.

"डॉक्टर, एक विचारू?" त्याचा आवाज एकदम खाली गेला. "गोऱ्यांच्या बाळांनाही तुम्ही असंच थांबवता?"

डॉक्टर वेल्श पुढे सरकून बसली. रागावली नाही. "हो," ती म्हणाली. "सगळ्यांना. पण तुम्ही विचारलंत ते बरं झालं. मनात ठेवून माझ्याकडे बघत बसला असतात तर मला कळलं असतं, आणि बोलता आलं नसतं."

तिच्यावर ओरडायची त्यानं मनाशी तयारी केली होती. ती तशीच राहून गेली.

दुसऱ्या दिवशी तो समुद्रावर गेला. दवाखान्याच्या वसतिगृहातल्या खोलीत त्याला घुसमटायला होई आणि वॉर्डात त्याच्या बसण्यानं दमारिसला. उकाडा मी म्हणत होता. किनाऱ्यावर पाटी होती, जाळ्याच्या बाहेर पोहू नये. विषारी जेलीफिश त्या महिन्यांत किनाऱ्याला लागतात, म्हणून पाण्यात एक मोठा चौकोन जाळं लावून बंद केला होता. त्याच्या आत शाळेची पोरं आणि म्हाताऱ्या बायका डुंबत होत्या.

त्याच्या बेटावरही ते विष असतं. पण तिथं अंगाला चिकटणारे कपडे घालून माणूस हवं तिथं बुडी मारतो. इथं तो चौकोनात उतरला, एका दमात ह्या टोकाच्या जाळ्याला हात लावला, वळला, त्या टोकाच्या जाळ्याला लावला. पाणी कमरेएवढं होतं आणि तळाशी नुसता गाळ. चारपाच फेऱ्यांत चौकोन संपला. एका म्हातारीनं त्याला विचारलं, "शर्यतीची तयारी का रे, बाळा?" तो नुसता हसला आणि जाळ्याच्या दोराला धरून उभा राहिला.

वर आला तेव्हा फोन वाजत होता. आवा ओबेद. आवा म्हणजे मामा, आईचा थोरला भाऊ.

"दगड आला रे," आवा म्हणाला. "बोटीतून उतरवताना सगळ्यांच्या कमरा गेल्या. तुझ्या बापाचा फोटो छान बसवलाय त्यावर. टोपी घातलेला."

"कोणती टोपी?"

"ती मासळीच्या वासाची. तुझ्या आईनंच निवडला. म्हणाली, चर्चमधल्या कोटात तो मला कधी ओळखूच आला नाही."

केमुएलला हसू आलं. बापाला जाऊन वर्ष उलटलं होतं. ईस्टरच्या शनिवारी थडग्यावरच्या नव्या दगडाचं कापड उचलायचं होतं. केर्न्सपासून पापुआपर्यंतचे नातेवाईक तिकिटं काढून बसले होते, जेवणासाठी कासव ठरलं होतं, नाचाच्या तालमी सुरू होत्या. आणि कापडाचं पहिलं टोक थोरल्या मुलानं धरायचं असतं.

"येतोस ना?"

"आवा, बाळाचं..."

"बाळापाशी डॉक्टर आहेत. दगडापाशी कोण आहे?" आवा थांबला. मागे कुणीतरी ढोलाची चामडी ताणत होतं, त्याचे ठोके ऐकू येत होते. "हे बघ, ये म्हणायला माझी जीभ रेटत नाही आणि नको ये म्हणायलाही नाही. तुझं तू ठरव. पण मला लवकर सांग. तुझी आई रोज विचारते आणि मी रोज नवीन काहीतरी सांगतो."

त्या दुपारी तो दमारिसला घेऊन उपाहारगृहात गेला. तिनं बटाट्याचे काप मागवले आणि खाल्ले नाहीत.

"आपण दुसरीकडे हलवू तिला," तो म्हणाला. "ब्रिस्बेनला. तिथं मोठे डॉक्टर असतील."

"मी हो म्हटलंय."

"कशाला हो?"

"थांबायला. डॉक्टरनं मला आधीच सगळं सांगितलं होतं. मी ऐकलं, दोनदा विचारलं आणि हो म्हटलं."

"आणि मला कुणी विचारायचं?"

"तू होतास कुठे? रक्त द्यायला गेला होतास." ती काप बाजूला सारून बोलू लागली, आवाज न चढवता, पण एका दमात. "तुझ्या बापाला घरी पाठवलं तेव्हा त्याला कुणी काही सांगितलं नाही. हात धरून दार दाखवलं. ही बाई रोज येते, माझ्याशेजारी खाली बसते आणि तिला काय माहीत नाही तेही सांगते. तुला दोन्ही सारखंच वाटतं. मला नाही वाटत."

"आणि उद्या काही झालं तर?"

"तर मी हो म्हटलेलं असेल. तू नाही. बरं ना?"

ती पुढे म्हणाली, "तू घरी जा, केमुएल. खरंच जा. दगडाचं उरकून ये. तू आत आलास की त्या पडद्यावरचे आकडे बघत उभा राहतोस. तुझं बघून मी बघते. मग मला श्वास घेता येत नाही. तिला कळत असेल का रे ते, माझ्या हातातून?"

एवढं बोलून ती रडली नाही. उठली, हात धुवायला गेली.

चुलतभावानं तिकीट काढून दिलं. शुक्रवारी दुपारचं विमान. सकाळी पिशवी खांद्याला लावून तो निरोप घ्यायला वॉर्डात आला. निरोप काय, पेटीच्या काचेला बोट लावायचं आणि निघायचं. पण पेटीभोवती नेहमीपेक्षा जास्त माणसं होती, आणि दमारिस पहिल्यांदाच खुर्चीत नसून उभी होती, भिंतीला टेकून.

"एकोणीस," ती म्हणाली.

कॉलीननं बाळाच्या घशातल्या नळीतलं पाणी ओढून काढलं होतं. ते गुलाबी होतं. फार नाही. चहाच्या चमच्यात मावेल इतकंही नाही. पण केमुएलला तेवढं एकच दिसत राहिलं.

डॉक्टर वेल्श वळली. "आता प्लेटलेट द्यायच्या. मागवल्यात, येतायत."

आपल्याला हायसं वाटेल असं केमुएलला वाटलं होतं. इतके दिवस तो ह्याच वाक्याची वाट बघत होता. पण हायसं वाटलं नाही.

"तुम्हीच म्हणाला होतात," तो म्हणाला. "मोठ्यांच्या चालत नाहीत तिला. गुठळ्या होतात म्हणालात."

"होऊ शकतात म्हणाले होते."

"मग?"

"काल न देण्यात धोका कमी होता. आज देण्यात कमी आहे. तिनं रेघ ओलांडली, आणि रक्तही दिसतंय."

"ती रेघ कुणी आखली?"

"त्या अभ्यासातल्या बाळांनी," ती म्हणाली. "आमच्याकडे तेवढंच आहे."

त्यानं दमारिसकडे बघितलं. ह्या वेळी ती मान हलवेना. दोन्ही वेळा मीच का, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. तेव्हा केमुएल म्हणाला, "द्या." आणि पिशवी खांद्यावरून उतरवून भिंतीशी ठेवली.

प्लेटलेटची पिशवी वगैरे आली नाहीच. एवढ्याशा जिवाला पिशवी कशाला? एका नळकांड्यात बसेल एवढंच पिवळसर, गढूळ पाणी आलं, खोबरेल थंडीत धरतं तशा रंगाचं. यंत्रानं नळकांड्याचा दट्ट्या इतक्या सावकाश ढकलायला घेतला की तो हलतोय हे डोळ्यांना कळेना. केमुएल त्याच्याकडे बघत बसला. हे कुणाचं असेल? इथल्याच कुणा थोराड माणसाचं, ट्रक चालवणाऱ्याचं, नाहीतर शाळेतल्या मास्तरणीचं. तो किंवा ती शेजारच्याला विनोद सांगत त्या मऊ खुर्चीत पडून राहिली असेल, बिस्किट खाऊन घरी गेली असेल. आणि आता तिच्या अंगातला तो चपळ ऐवज ह्या मुठीएवढ्या मुलीच्या शिरांत चालला होता, ज्या शिरा केसाहून बारीक होत्या.

"हळू," तो पुटपुटला.

"हळूच चाललंय, लेकरा," कॉलीन म्हणाली. तिला वाटलं, तो यंत्राबद्दल बोलतोय.

विमानाची वेळ आली आणि गेली. त्याला घड्याळ बघायचं सुचलंही नाही. दमारिसनं हात आत घातले होते, आणि तिच्या पाठीवर त्याचा एक हात होता. किती वेळानं कोण जाणे, ती म्हणाली, "तुझा हात जड झालाय रे." त्यानं काढला. ती म्हणाली, "काढू नकोस."

दुसऱ्या दिवशी बाळाच्या टाळूवर यंत्र ठेवून डोक्याच्या आतलं चित्र काढलं. पुन्हा ती बिनखिडकीची खोली. डावीकडे थोडं रक्त साकळलं होतं. लहान, डॉक्टर म्हणाली. अशांतली पुष्कळ मुलं नीट चालतात, बोलतात. काहींचा एखादा पाय आखडतो. आत्ता सांगता येणार नाही.

"प्लेटलेट दिल्यानं झालं?"

"माहीत नाही. गुरुवारच्या चित्रात नव्हतं. त्यानंतर केव्हातरी झालं. देण्याआधीही असेल."

"आधीच दिल्या असत्या तर?"

"कदाचित झालं नसतं. कदाचित मोठं झालं असतं."

"आणि दिल्याच नसत्या तर?"

"तेही सांगता येत नाही, केमुएल. सांगता आलं असतं तर सांगितलं असतं."

पाण्याखाली कपारीत पाय अडकला की माणूस घाबरतो, पण कुठला दगड ते हाताला लागतं. तो ढकलायचा असतो. इथं केमुएल आठवडाभर दगड शोधत होता. आधी ती टेबलामागची मुलगी, मग ही डॉक्टर, मग दमारिसचा तो होकार. आता त्यानं स्वतः 'द्या' म्हटलं होतं, आणि त्याच्याही हाताला काही लागत नव्हतं.

दुपारी बेटावर दगडाचं कापड उचललं. त्यानं व्हरांड्यात उभं राहून फोनवर बघितलं. त्याच्या जागी त्याच्या बहिणीनं टोक धरलं होतं. कापड वर गेलं, टोपीतला बाप दिसला न दिसला, तेवढ्यात चित्र थिजलं. पडद्यावर आईचा अर्धा वळलेला चेहरा तसाच राहिला. आवाज मात्र येत होता, ढोल, पायांचे ठोके, कुणाचं तरी मोठ्यानं रडणं. केमुएल तो थिजलेला चेहरा धरून उभा राहिला. फोनची बॅटरी संपली तेव्हा त्यानं तो खिशात टाकला, हात धुतले आणि आत गेला.

पुढे जंतू हटले. औषध लागू पडलं. आकडा काही दिवस जागच्या जागी घुटमळला आणि मग कुणी काही न देता वर सरकू लागला. डॉक्टर वेल्श एका सकाळी चुकचुक करत आली. तिनं सांगितलं, "सत्तर. दिलेल्या केव्हाच संपल्या. ह्या तिच्या स्वतःच्या."

"मंद?" केमुएलनं विचारलं.

"अगदी आळशी."

दमारिसला हसू आवरेना. "बापावर गेलीय," ती म्हणाली. "रविवारी चर्चला उठवायचं म्हटलं तर हा असाच."

पण घर लांबच होतं. बाळाला स्वतःचा श्वास धरता यायला अजून दोन महिने तरी लागणार होते. त्यानंतर पायांची तपासणी, डोळ्यांची तपासणी, तीही इथंच. शेवंडीचा हंगाम भरात होता आणि होडी चुलतभाऊ चालवत होता. आवाचा फोन येई तेव्हा दोघंही दगडाबद्दल बोलत नसत. वारा कुठला आहे, एवढंच विचारून केमुएल फोन ठेवी.

मग एके दिवशी कॉलीननं त्याला शर्ट काढायला सांगितलं.

"कशाला?"

"तिला तुझ्या छातीवर ठेवायचंय. आईचं रोज होतंच, आज तू. खुर्चीत मागे रेल. आणि लक्षात ठेव, एकदा ठेवली की हलायचं नाही. उचलाउचलीचा तिला त्रास होतो. कमीत कमी एक-दोन तास."

नळ्यांसकट, तारांसकट केझिया त्याच्या छातीवर आली. वजन जाणवेना, फक्त ऊब. तिचा गाल त्याच्या कातडीला लागला, एवढासा, ओलसर. तिचा श्वास भराभर होता, मध्येच थांबायचा, आणि तो थांबला की केमुएलचाही थांबायचा. सवयच होती त्याला. दमारिस शेजारी बसून बघत होती.

"श्वास घे," ती म्हणाली. "नाहीतर ती तुझ्याकडून तेवढंच शिकेल."

त्यानं घेतला. छाती वर आली, तिच्यासकट. खाली गेली.

थोड्या वेळानं त्याचा डावा पाय बधिर झाला. मग पाठीला घाम सुटला आणि खुर्चीचं प्लास्टिक चिकटलं. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली.

"दमारिस," तो ओठ न हलवता म्हणाला. "मला लघवीला जायचंय."

"जा मग."

"कॉलीनला विचार ना."

दमारिसनं विचारलं. कॉलीन लांबूनच म्हणाली, "आत्ताशी झोप लागलीय तिला. जमेल तितकं धर."

"ऐकलंस?" दमारिस म्हणाली आणि पुढे वाकून तिनं आपल्या नखानं त्याच्या नाकाचा शेंडा खाजवला. "आणखी?"

"जरा डावीकडे," केमुएल म्हणाला.